भाकरी बंद, दुधीचा रस सुरू : शरीरशुद्धीच्या चार्टमध्ये काय असतं आणि काय नसतं

गड्ड्याची यात्रा उरकली, संक्रांतीच्या शेंगापोळ्या संपल्या, की सोलापुरात एक वेगळाच हंगाम सुरू होतो. व्हॉट्सॲपवर आणि चौकाचौकांतल्या फलकांवर जाहिराती झळकायला लागतात : 'सात दिवसांत शरीरशुद्धी', 'लिव्हर साफ', 'साखर मुळासकट'. हल्ली त्याला 'होलिस्टिक हीलिंग' असं नाव जोडलेलं असतं. म्हणजे नुसत्या आजाराकडे न बघता शरीर, मन, झोप, जेवण या सगळ्याचा एकत्र विचार करायचा. यात वावगं काही नाही. जुने फॅमिली डॉक्टर हेच करायचे, फक्त त्याला नाव द्यायचे नाहीत. घोळ होतो तो त्या विचारातून निघणाऱ्या कागदावर, म्हणजे डाएट चार्टवर.

## आधी चार्ट वाचू

असा एक चार्ट नात्यातल्या काकूंनी मला पाठवला, 'बघ बरं, करू का?' म्हणून. सकाळी सहाला कोमट पाणी, लिंबू, मध. आठला दुधीचा रस. अकराला पालक, पुदिना, आवळा यांचा रस. दोनला वाटीभर पपई. पाचला नारळपाणी. रात्री भाज्यांचं सूप, मिठाशिवाय. त्याखाली लाल अक्षरांत : भाकरी, चपाती, भात, डाळ, दाणे, दूध, चहा, मीठ पूर्ण बंद. आणि सगळ्यात शेवटी : 'डोके दुखल्यास घाबरू नये, विष बाहेर पडत आहे.'

ढोबळ हिशेब केला तरी हे सगळं मिळून दिवसाला चारशे किलोकॅलरीच्या आसपास जातं. घरकाम करणाऱ्या बाईला १,६०० च्या पुढे लागतात. प्रथिनं दहा ग्रॅमच्या आतबाहेर. ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम हवीत. गंमत म्हणजे बंद केलेल्या यादीत जे आहे, तिथंच आपल्याकडच्या साध्या माणसाची प्रथिनं असतात : ज्वारी, डाळ आणि शेंगा. दोन चमचे शेंगाचटणीतून चारेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. पालकाच्या पेलाभर रसातून तेवढी मिळत नाहीत.

काकूंना साखरेच्या दोन गोळ्या आणि बीपीची एक गोळी चालू आहे. चार्टवर नाव, वय, वजन, उंची, मोबाइल नंबर, सगळे रकाने होते. 'चालू गोळ्या' हा रकानाच नव्हता.

## 'विषारी द्रव्यं' म्हणजे नक्की कोणती?

डिटॉक्स किंवा क्लेंझ म्हणजे शरीरात साठलेली विषारी द्रव्यं बाहेर काढण्याचा दावा करणारा, थोड्या दिवसांचा आहार. इथून पुढे त्याला 'शुद्धी' म्हणू.

खरं विष कसं उतरवतात ते बघायचं असेल तर सिव्हिलच्या वॉर्डात बघावं. फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी येतो. ते औषध ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारचं आहे असं कळलं की ॲट्रोपिन देतात. नाग चावला तर प्रतिविष, शिशाची बाधा झाली तर शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, किडनी बंद पडली तर डायलिसिस. दर वेळी विषाचं नाव माहीत असतं, उतारा ठरलेला असतो आणि रक्त तपासून किंवा लक्षणं बघून उतारा किती लागू पडला ते कळतं.

शुद्धीच्या चार्टमध्ये विषाचं नाव कधीच नसतं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी डिटॉक्सच्या १५ उत्पादनांची चौकशी केली. हे नेमकं कोणतं विष काढतं, असा साधा प्रश्न बनवणाऱ्यांना विचारला. एकालाही विषाचं नाव सांगता आलं नाही. २०१५ मध्ये अशा आहारांवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात, लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून घेतलेली एकही नीट चाचणी सापडली नाही.

दरम्यान, रोजची सफाई बिनबोभाट चालूच असते. प्रथिनं पचताना तयार होणाऱ्या अमोनियाचं लिव्हर युरियात रूपांतर करतं, दारूचे तुकडे करतं, औषधं मोडतं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी करून बाहेर टाकतात. रस प्यायल्याने या कामाचा वेग वाढत नाही. उलट लिव्हरला या कामासाठी अमिनो आम्लं लागतात, आणि ती प्रथिनांतून येतात. म्हणजे चार्टने जे बंद केलंय त्यातून.

## "पण द्राक्षा-डाळिंबावरची फवारणी पोटात जातेच ना?"

जाते. ही शंका रास्त आहे, आणि डाळिंबाच्या जिल्ह्यात राहून ती झटकून टाकता येणार नाही. डीडीटीसारखी काही रसायनं चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात. पण शुद्धीने ती धुतली जात नाहीत. झपाट्याने वजन उतरवलं की चरबी वितळते आणि अशा रसायनांचं रक्तातलं प्रमाण काही काळ वाढतं, असं अभ्यासांत आढळलंय. फळं वाहत्या पाण्यात चोळून धुणं, साल काढणं, फवारणी आणि तोडणी यांत ठरलेलं अंतर पाळलं जाणं, हे त्यावरचे उपाय आहेत. जाहिरातीत मिरवण्यासारखं त्यात काही नाही, हे खरं.

## चार दिवसांत अडीच किलो कुठं गेले?

शुद्धीवर विश्वास बसतो तो वजनकाट्यामुळे, म्हणून इथं जरा थांबू.

सोलापुरात नळ चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतो, म्हणून घरोघरी हौद आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. शरीरही असाच साठा करतं. खाल्लेल्या साखरेपैकी काही साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवतं. मोठ्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतं. भाकरी-भात बंद झाला की शरीर आधी ही टाकी उपसतं. साठा आणि त्याच्याबरोबरचं पाणी मिळून दीड-दोन किलो. मीठ बंद केल्यामुळे आणखी थोडं पाणी जातं. आतड्यात रोज असणारा चोथा कमी होतो, त्याचं वजन वेगळंच. काटा अडीच किलो खाली येतो आणि माणूस हरखून जातो. आठव्या दिवशी घरात पिठलं-भाकरी झाली की टाकी परत भरते.

चरबी इतकी झटपट जात नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. रोज १,२०० कमी खाल्लं तरी एक किलो जायला सहा-सात दिवस लागतात. शिवाय प्रथिनं मिळत नसतील तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पन्नाशीनंतर गेलेला स्नायू परत कमावणं फार कष्टाचं असतं.

## "पण मला लई हलकं वाटलं की ओ!"

वाटलं असणार, खोटं कशाला बोलाल? सात दिवस तळलेलं नाही, बेकरीचं नाही, रात्री अकराचं जेवण नाही, दारू नाही, तंबाखूही बहुतेक कमी. त्यात पाणी भरपूर आणि झोप लवकर. एवढं केल्यावर कुणालाही बरं वाटेल. पण श्रेय मिळतं ते दुधीच्या रसाला. हेच सगळं पाळून रोज दोन भाकरी आणि वाटीभर आमटी खाल्ली असती तर काय झालं असतं, हे कुणी करून बघत नाही.

डोकेदुखीचं कारण तर घरातच आहे. दिवसातून चार वेळा चहा घेणाऱ्याचा चहा तुटला की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं. दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त, मग हळूहळू कमी. हे कॅफिन तुटल्याचं दुखणं आहे. तोंडाला येणारा गोडसर आंबूस वास चरबी जळताना बनणाऱ्या कीटोनचा. चक्कर मीठ-पाणी कमी पडल्याची. 'विष बाहेर पडतंय' ही ओळ माझ्या मते चार्टमधली सगळ्यात घातक ओळ आहे, कारण थांबायची खूण तिने 'चालू ठेवा' या खुणेत बदलून टाकली आहे.

## घरचंच आहे, त्यानं काय होतंय?

दुधी घ्या. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी नगण्य, पण कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांमुळे ती वाढू शकतात. भाजीत एखादी कडू फोड आली तर आपण थुंकून देतो. रसात मध-लिंबू-आवळा असल्याने कडूपणा झाकला जातो, आणि 'कडू ते औषधी' म्हणून डोळे मिटून पिणारेही असतात. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सुटसुटीत आहे : रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या, त्यात दुसरा कुठला रस मिसळू नका. कडू रस पोटात जाऊन उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर थेट दवाखाना गाठा. यावर उतारा नाही. सलाईन आणि लक्षणांवरचे उपचार एवढंच हातात असतं.

पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. जेवणात भाजी म्हणून खाल्ला तर हरकत नाही. पण रोज कच्च्या पालकाचे पेलेच्या पेले, जोडीला दुसरं अन्न नाही, आणि किडनी आधीच थोडी कमजोर, अशा वेळी ऑक्झलेटचे स्फटिक किडनीत साचून ती निकामी झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना वेगळाच धोका : पालकातलं व्हिटॅमिन के त्या गोळीचा परिणाम कमी करतं.

'लिव्हर फ्लश'चा प्रकार तर नामी आहे. रात्री पेलाभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायचा, आधी-नंतर एप्सम मीठ, म्हणजे जुलाबाचं मीठ. सकाळी शौचावाटे हिरवे मऊ खडे पडतात आणि त्यांचे फोटो ग्रुपवर फिरतात. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा खड्यांच्या तपासणीची नोंद आली. ते पित्ताचे खडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलाचा पोटात साबण झाला होता. झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खरे खडे होण्याची शक्यता मात्र वाढते.

आणि मीठपाणी पिऊन आतडी धुण्याचं शंखप्रक्षालन. योगशिक्षकाच्या समोर, निरोगी माणसानं, ही एक गोष्ट. बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यानं व्हिडिओ बघून घरी करणं ही दुसरी.

## गोळ्या चालू असतील तर

बाकी लेख वाचला नाही तरी चालेल, एवढं वाचा.

ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात भाकरी गेली आहे की नुसता रस, हे गोळीला कळत नाही. नेहमीची गोळी घेऊन रसावर राहिलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते : घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात खाणं बंद झालं तर रक्तात कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, तेही मीटरवर साखर फारशी वाढलेली न दिसता. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. मीठ बंद, जेवण बंद, आणि बाहेर एप्रिल-मेमधलं ४२ अंशांचं ऊन. अशात उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

उलट बाजूही तितकीच वाईट. शुद्धी सुरू आहे म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा चार्ट ज्या ग्रुपवर पडतो, तिथं गोळ्या घेणारं कुणीतरी असणारच.

## मग पंचकर्म आणि एकादशीही खोटी का?

पंढरपूरच्या जिल्ह्यात राहून उपासाला नावं ठेवायची माझी छाती नाही. निरोगी माणसाने एक दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही. (साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि वर रताळ्याचा शिरा हा उपास नव्हे. 'एकादशी दुप्पट खाशी' हे आपल्याच आज्यांनी म्हणून ठेवलंय. साखरेच्या रोग्याला साबुदाणा तर भातापेक्षा बरा नाहीच.)

आयुर्वेदाचं म्हणाल तर चरकसंहितेत शरीर हलकं करण्याचे, म्हणजे लंघनाचे, दहा प्रकार सांगितले आहेत. उपास त्यातला फक्त एक. पंचकर्माआधी, म्हणजे शरीरशुद्धीच्या पाच क्रियांआधी, स्नेहन-स्वेदनाची (तेल-तूप देऊन घाम काढण्याची) तयारी लागते. गर्भिणी, बालक, वृद्ध, दुर्बल यांना वमन-विरेचन (औषधाने उलटी आणि जुलाब करवणं) वर्ज्य सांगितलंय. नंतर संसर्जन क्रम : आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग डाळीचं कढण, असं काही दिवसांत पायरीपायरीनं नेहमीच्या जेवणावर यायचं. कोणाला काय आणि किती, हे वैद्य माणूस बघून ठरवतो. एकच चार्ट दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकायचा, ही पद्धत ग्रंथात कुठंच नाही. आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांना हे विचारायला हरकत नाही. आपल्या पुणे रस्त्यावरच उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे. तिथंही उपास देतात, पण माणूस तिथं राहतो आणि बघायला कुणीतरी असतं.

## "आमच्या ओळखीच्यांची साखर डाएटनंच गेली"

हे घडू शकतं, आणि सगळ्या डाएटना एकाच काठीने हाणणाऱ्यांनी हे ऐकून घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निकाल आले. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ किलोकॅलरी दिल्या, त्याही तयार पेयांतून. वर्षानंतर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के.

आता बारकावा बघा. त्या पेयांमध्ये प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या, आणि पुढची तपासणी ठरलेली होती. नेहमीचं अन्न काही आठवड्यांत हळूहळू परत आणलं. काकूंच्या चार्टपेक्षा खाणं दुप्पट, आणि तरी देखरेख कितीतरी जास्त.

आपल्याकडचा डॉ. दीक्षित विरुद्ध आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर हा वाद मी इथं सोडवणार नाही. दीक्षित म्हणतात तसं दिवसातून दोनदाच, ५५-५५ मिनिटांत जेवा की दिवेकर म्हणतात तसं थोडं थोडं जेवा, दोघांच्याही ताटात भाकरी, डाळ, भाजी असते. मात्र गोळ्या चालू असलेल्यानं दोनवेळचं जेवणही डॉक्टरांना सांगूनच सुरू करावं.

निर्बंध घालणारे खरे वैद्यकीय आहार बरेच आहेत. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते, त्या सीलिएक रोगात गहू आयुष्यभर बंद. औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या मिरगीत कीटो आहार (चरबी भरपूर, पिष्टमय अन्न अगदी कमी) १९२० च्या दशकापासून वापरात आहे. पोट सारखं बिघडणाऱ्यांसाठी काही पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद करून मग एकेक परत सुरू करून बघतात. बंद का केलं, कधीपर्यंत, आणि परत कसं आणायचं, हे तिन्ही तिथं आधीच ठरलेलं असतं. सीलिएक नसताना फॅशन म्हणून 'ग्लूटेन-फ्री' होणाऱ्यांसाठी एक निरोप : मंगळवेढ्याच्या ज्वारीत ग्लूटेन नसतंच. परदेशी किनवा मागवायची गरज नाही.

राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्ताने कमी आहेत, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. विडीच्या पत्त्यांवर आणि यंत्रमागावर दिवसभर राबून संध्याकाळी दोन घास खाणाऱ्या बाईच्या ताटातून डाळ आणि दाणे काढणं हा माझ्या लेखी उपचार नाही.

## कॅन्सरमध्ये तर नकोच

'अल्कलाइन डाएटने कॅन्सर मरतो' असं सांगतात. अल्कलाइन म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, शरीर ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान घट्ट धरून ठेवतं. काय खाल्लं त्यावर लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. बरे होऊ शकणारे कॅन्सर असून नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट होता. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथंच सुरू झाली. केमोथेरपी चालू असताना मुळात वजन टिकवण्याचीच धडपड असते. तिथं रसावर ठेवणं म्हणजे पुढचा डोस लांबवणं.

मधुमेह, लठ्ठपणा, कॅन्सर बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रसासोबत 'खास पावडर' विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो पाकिटावर 'आहारपूरक' लिहितो आणि बाकीचं तोंडी सांगतो.

## ठरवलंच असेल, किंवा चालू असेल

सुरू करण्याआधी चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि चार्ट दोन्ही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, शाळकरी मुलं, किडनीचे रोगी, इन्सुलिन घेणारे आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेले, यांनी विचारही करू नये. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम पुरणपोळीवर ताव मारू नका. उपाशी शरीरात अचानक पिष्टमय अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते.

उलट्या थांबत नाहीत, लघवी अगदी कमी झाली, धाप लागते, बोलणं असंबद्ध होतंय, असं काही दिसलं तर रस बंद करा आणि दवाखान्यात जा. तिथं 'काही नाही, थोडं डाएट चालू होतं' म्हणू नका. कुठला रस, किती, चव कडू होती का, गोळ्या कोणत्या, हे सांगा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीची गोळी घेत असाल तर ते सगळ्यात आधी सांगा. मीटरवर साखर १८० दिसली की ड्युटीवरच्या डॉक्टरांचंही लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं. कीटोनची तपासणी करा, असं तुम्हीच म्हणा.